चार हात दूर

‘चार हात दूर राहणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत जुना आहे. भांडखोर शेजारी, उधळ्या सोबती, मारका बैल यांच्यापासून शहाण्यानें चार हात दूर असावें, असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. परंतु इ. स. २०२० च्या गुढीपाडव्याच्या दिवशीं, म्हणजे २५ मार्च रोजीं, देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हां हाच उपदेश निराळ्या अर्थानें घरोघर ऐकूं आला. या खेपेस दूर राहावयाचें होतें तें दुर्जनांपासून नव्हे; आपल्याच आजोबांपासून, नातवांपासून, सख्ख्या शेजाऱ्यांपासून. दारीं आलेल्या पाहुण्याला आंत न घेणें हा ज्या समाजांत अधर्म मानला जातो, त्या समाजाला ही गोष्ट किती जड गेली, हें आपण सर्वांनीं अनुभविलेंच आहे.

ती धामधूम आतां निवळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं त्या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. अशा निवांत वेळीं त्या उपायाचा जमाखर्च मांडून पाहणें बरें. ज्वर-खोकल्याच्या लहान साथी दर वर्षीं येतात, आणि मोठी साथ पुन्हां केव्हां येईल याचें पंचांग कोणापाशीं नाहीं. अंतर ठेवल्यानें रोग खरोखर थांबतो काय? थांबत असेल तर किती, कोठें, आणि कोणत्या किमतीनें? या प्रश्नांचीं उत्तरें भावनेवर न सोंपवितां अनुभवाच्या आधारें द्यावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रत्येक रोगाचा प्रवासाचा मार्ग निराळा असतो, आणि तो मार्ग ओळखल्यावांचून घातलेलें कुंपण व्यर्थ जातें. पटकी पाण्यावाटे येते. तेथें चार हात दूर राहून भागत नाहीं, पाणी उकळावें लागतें. इ. स. १८९७ मध्यें पुण्याच्या प्लेगांत सरकारनें गोरे शिपाई घराघरांत घालून माणसें माणसांपासून तोडलीं. लोकांचीं मनें त्यामुळें कायमचीं विटलीं, आणि प्लेग पुढेंही अनेक वर्षें येतच राहिला. गांठीचा प्लेग उंदरांवरील पिसवा पसरवितात, हें पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें इ. स. १८९८ मध्यें कराचींत दाखवून दिलें. शत्रु एका वाटेनें येत होता आणि पहारा दुसऱ्याच वाटेवर होता.

इन्फ्लुएंझा, गोवर, कोव्हिड यांचा मार्ग मात्र श्वासाचा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, कुष्ठाच्या अध्यायाच्या अखेरीस, एकापासून दुसऱ्यास जडणाऱ्या रोगांचीं कारणें मोजलीं आहेत. त्यांत अंगस्पर्श, सहभोजन, एका शय्येवर निजणें, दुसऱ्याचीं वस्त्रें वापरणें यांच्या पंक्तीला निःश्वासही बसविला आहे. विषाणु म्हणजे काय हें त्या आचार्यांस ठाऊक असणें शक्यच नव्हतें. मनुष्याच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु इ. स. १९३३ मध्यें प्रथम हातीं लागला. तरीही श्वासावाटे रोग जातो हें निरीक्षण त्यांनीं नोंदवून ठेवलें, याचें कौतुक करावें. त्याहून अधिक त्यांच्या पदरीं घालूं नये.

खोकतांना, शिंकतांना, फार काय, बोलतांना आणि गातांनासुद्धां मुखावाटे जलकण बाहेर पडतात. मोठे कण जड असल्यामुळें थोडक्याच अंतरावर खालीं पडतात. आपला एक हात म्हणजे दीड फूट. तेव्हां चार हात म्हणजे सहा फूट. अमेरिकेंत सांगितलेलें अंतर सहा फुटांचेंच होतें, आणि आपल्याकडील ‘दोन गज’ तेवढेच भरतात. मोठ्या कणांपुरतें हें माप ठीक आहे. परंतु श्वासांतून अतिसूक्ष्म कणही निघतात, आणि ते उदबत्तीच्या धुरासारखे हवेंत तरंगत राहतात. अंगणांत लावलेल्या उदबत्तीचा वास चार पावलांवर विरतो. दारेंखिडक्या बंद असलेल्या देवघरांत लावली, तर कोपऱ्याकोपऱ्यांत भरून राहतो. श्वासाचेंही तसेंच आहे.

याचें एक शोचनीय उदाहरण अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, स्कॅजिट परगण्यांत घडलें. १० मार्च २०२० रोजीं तेथील एका गायकवृंदाची तालीम होती. आपल्याकडील भजनी मंडळासारखींच हीं माणसें, बहुतेक उतारवयाचीं. ६१ जण जमले, अडीच तास तालीम झाली. त्यांतील एकास थोडी सर्दी होती. पुढें त्या मेळ्यांतील ५३ जणांस कोव्हिड झाल्याचें आढळलें, आणि दोघे दगावले. कोणी कोणावर खोकलें नव्हतें; सर्वजण मिळून एका दालनांत गात होते, इतकेंच. तात्पर्य, अंतर केवळ फुटांनीं मोजून चालत नाहीं. ‘किती जवळ’ या प्रश्नाबरोबर ‘किती वेळ’, ‘किती जण’ आणि ‘खिडक्या उघड्या कीं बंद’ हे तीन प्रश्नही विचारले पाहिजेत.

आतां थोडें गणित. सारी हयात फळ्यापुढें गेल्यामुळें आम्हांस हा मोह आवरत नाहीं. आणि हें गणित कठीणही नाहीं. एक रोगी सरासरी दोघांना रोग देतो असें धरा. ते दोघे चौघांना देतील, चौघे आठांना. या हिशेबानें दहाव्या पायरीवर १०२४ नवे रोगी निघतील. आतां लोकांनीं आपल्या भेटीगाठी एकचतुर्थांशानें कमी केल्या, आणि एक रोगी सरासरी दोघांऐवजीं दीड माणसालाच रोग देऊं लागला असें समजा. रोग्यांची संख्याही एकचतुर्थांशानें घटेल, असें सहज वाटतें. पण करून पाहा: दहाव्या पायरीवर अवघे ५८ रोगी निघतात. आणि ही सरासरी एकाच्या खालीं, समजा ०.८ वर आली, तर हजार रोग्यांची साथ दहाव्या पायरीवर सुमारें १०७ वर येते आणि पुढें विझत जाते. बुद्धिबळाच्या पटावर दाणे मांडण्याची गोष्ट आपण लहानपणीं ऐकतों. येथें तीच गोष्ट उलट्या बाजूनें वाचावयाची आहे. वाढ जशी घरागणिक होते, तशी बचतही पायरीगणिक होते. आरंभीं वांचविलेल्या एका भेटीची किंमत पुढें मोठी होते, ती यामुळें.

जो रोग मुळांत मंद पसरतो, त्याला तेवढ्याच अंतरानें अधिक धक्का बसतो, हेंही या गणितावरून समजतें. कोव्हिडच्या पहिल्या रूपाची सरासरी दोन ते तीन होती. नेहमींच्या इन्फ्लुएंझाची दोनाच्याही बरीच खालीं असते. म्हणून २०२०-२१ च्या हंगामांत जगभर कोव्हिड चालूच राहिला, इन्फ्लुएंझा मात्र जवळ जवळ नाहींसा झाला. त्याची ‘बी यामागाता’ नांवाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकरीत्या कोठेंच आढळलेली नाहीं. पुढें लशींतून तिचा घटक वगळावा असें जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलें.

कागदावरचें गणित प्रत्यक्षांत उतरतें काय, याची कसोटी इतिहासानें इ. स. १९१८ मध्येंच घेतली आहे. त्या वर्षीं जगभर इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. तेव्हां लस नव्हती, औषध नव्हतें. अंतर हाच काय तो उपाय. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १७ सप्टेंबरच्या सुमारास नागरिकांत पहिले रोगी सांपडले. तरीही युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं २८ सप्टेंबर रोजीं जी प्रचंड मिरवणूक ठरली होती, ती रद्द झाली नाहीं. सुमारें दोन लाख माणसें रस्त्यांवर लोटलीं. शाळा, चर्च, नाटकगृहें बंद करण्याचा हुकूम निघाला तो ३ ऑक्टोबर रोजीं. सेंट लुई शहरीं पहिले रोगी ५ ऑक्टोबरच्या सुमारास आढळले, आणि तेथील आरोग्याधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ यांनीं ७ तारखेसच सभासमारंभांवर बंदी घातली. एका शहरानें दोन आठवडे घालविले. दुसऱ्यानें दोन दिवस.

त्याचें फळ आंकड्यांत दिसतें. साथीच्या ऐन भरांत, आठवड्याला दर लाख वस्तीमागें, नेहमींपेक्षां जे जादा मृत्यु झाले ते फिलाडेल्फियांत २५७ आणि सेंट लुईंत ३१. पुढें नोव्हेंबरांत युद्ध संपलें, सेंट लुईनें निर्बंध सैल केले, आणि साथ पुन्हां उसळली. तरीही वर्षअखेरपर्यंतची बेरीज घेतली तर फिलाडेल्फियांत लाखीं ७१९ आणि सेंट लुईंत ३४७, म्हणजे निम्म्याहून कमी, अशी भरते. इ. स. २००७ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं तेथील ४३ शहरांचीं जुनीं दप्तरें तपासलीं, तेव्हां हाच निष्कर्ष निघाला: ज्यांनीं लवकर आरंभ केला, अनेक उपाय एकदम योजिले आणि ते टिकविले, त्यांच्याकडे प्रेतें कमी पडलीं. उपाय लवकर सुरू करणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो फार लवकर न सोडणेंही महत्त्वाचें आहे.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. मानमोडीचा पहिला झपाटा जून १९१८ मध्यें येऊन गेला. दुसरा, अधिक उग्र, सप्टेंबरांत आला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें मृत्यु पावलीं. देशांत त्या साथीनें एक कोटीहून अधिक बळी घेतले. परंतु मरण सर्वांच्या दारीं सारखें आलें नाहीं. मुंबईंतील मृत्यूंचें प्रमाण युरोपियनांत हजारीं सुमारें ८, वरच्या जातींच्या हिंदूंत सुमारें १९, आणि ज्यांना त्या वेळीं खालच्या जाती म्हणत, त्यांत ६१ हून अधिक होतें. हा आंकडा आम्हांस थांबवून विचार करावयास लावतो. ज्या लोकांना समाजानें शतकानुशतकें दूर ठेवलें, तेच सर्वांत अधिक मेले. शिवाशिवीच्या त्या अंतरानें रोग कोणाचाच अडला नाहीं. उलट, त्यांच्या वाट्यास चाळींतल्या कोंदट खोल्या, अपुरें अन्न आणि दुष्काळाचें वर्ष आलें. रोग अडतो तो मोकळ्या जागेनें आणि वाहत्या हवेनें.

शंभर वर्षांनंतरही हा हिशेब फारसा बदलला नाहीं. जुलै २०२० मध्यें मुंबईच्या तीन विभागांत लोकांचें रक्त तपासून पाहिलें, तेव्हां झोपडपट्टींतील शेंकडा ५७ जणांस कोरोनाचा संसर्ग होऊन गेल्याचें आढळलें. त्याच विभागांतील पक्क्या इमारतींत शेंकडा १६. दोन्हींकडील माणसें तीच, विषाणु तोच, हुकूमही तोच. फरक होता जागेचा. ज्यास स्वतंत्र खोली आहे त्यास ‘घरीं राहा’ या आज्ञेंत संरक्षण आहे. दहा जण एका खोलींत राहत असतील, तर तीच आज्ञा त्यांना एकमेकांच्या श्वासांत कोंडते. धारावींत अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेंत सुमारें आठ लाखांची वस्ती आहे. तेथें पहिला रोगी १ एप्रिल २०२० रोजीं सांपडला. घरांत अंतर अशक्य म्हणून अधिकाऱ्यांनीं गल्लोगल्लीं ज्वराची तपासणी केली, आणि रोग्यांना व त्यांच्या सोबत्यांना शाळांत, मंगल कार्यालयांत, क्रीडासंकुलांत नेऊन ठेवलें. ज्यांच्यापाशीं अंतर नव्हतें, त्यांना तें बाहेरून पुरविलें, असें म्हणावें. आणि पहिल्या लाटेचा जोर तेथें अपेक्षेपेक्षां लवकर ओसरला.

यास्तव ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग आपल्या देशांत विशेष जपून वापरावा, असें आम्हांस वाटतें. खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२० मध्येंच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला. विटाळाचें अंतर जन्मावर ठरे, एकानेंच पाळावयाचें असे, आणि त्यास शेवट नसे. साथींतील अंतर सर्वांस सारखें, परस्परांच्या हितासाठीं आणि मुदतीपुरतें असतें. सोंवळ्यांतील गृहस्थ दुसऱ्याच्या वस्त्राचा स्पर्श टाळील, पण एकाच बंद माजघरांत बसून त्याचाच श्वास घेईल. विषाणूला तेवढें पुरतें.

येथें कोणी विचारील, निरोग्यांनीं दूर कां राहावें? रोग्यास वेगळें ठेवलें म्हणजे झालें. इ. स. २००३ च्या सार्स साथींत तें पुरलें. त्या रोगांत माणूस चांगला आजारी पडल्यावरच मुख्यतः दुसऱ्यास रोग देई. त्यामुळें रोग्यांना शोधून वेगळें ठेवतांच, सुमारें आठ हजार रोगी आणि ७७४ मृत्यु एवढ्यावर ती साथ आटोपली. कोव्हिडांत मात्र लक्षणें दिसण्यापूर्वीं दोन दिवसांपासून माणूस रोग पसरवूं शकतो, आणि कित्येकांस लक्षणें दिसतही नाहींत. चोर कोण हें ओळखूं येत नसेल, तर सर्वांनाच आपापल्या घराला कडी लावावी लागते.

अंतराची बाजू इतकी मांडल्यावर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अंतर रोग मारीत नाहीं. तें त्यास लांबणीवर टाकतें. २०२० मध्यें दबून राहिलेला लहान मुलांचा श्वासविकार, ज्यास आर. एस. व्ही. म्हणतात, निर्बंध सैल होतांच अनेक देशांत अवेळीं उसळला. लांबणीवर टाकण्याचा लाभ केव्हां? मधल्या काळांत खाटा, प्राणवायु, लस यांची तयारी झाली तर. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ रोजीं लस टोचण्यास आरंभ झाला; पण लोकांचा मोठा भाग टोचून होण्यापूर्वींच गर्दी पूर्ववत् झाली, विषाणूनेंही अधिक चपळ रूप घेतलें, आणि एप्रिल-मे मध्यें काय ओढवलें हें कोणासही सांगावयास नको.

आणि या उपायाची किंमत. टाळेबंदी होतांच हातावर पोट असलेले लाखो मजूर शेंकडों कोस पायीं आपल्या गांवीं निघाले. मुलांच्या शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. ज्या घरीं दूरध्वनियंत्र आणि शिकविणारें माणूस होतें, त्या घरची मुलें कशीबशी तरलीं. ज्या घरीं दोन्हीही नव्हतीं, तेथील मुलें अक्षरें विसरलीं. शिक्षकाच्या दृष्टीनें ही हानि मृत्यूच्या खालोखाल आहे. सर्व दारें लावून घेणें हाच एक मार्ग असतो असेंही नाहीं. १९१८ मध्यें न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांनीं शाळा चालू ठेवून मुलांची वैद्यकीय तपासणी करविली, आणि दुकानें-कचेऱ्यांच्या वेळा पुढें-मागें करून आगगाड्यांतील गर्दी फोडली. खिडक्या उघडणें, वर्ग अंगणांत भरविणें, वेळा वांटून घेणें, मुखपट्टी बांधणें हे उपाय स्वस्त आहेत. ते आधीं योजिले तर महागडे उपाय थोडे दिवस पुरतात.

सरकारचें काम सरकार करील. घराचें काम घरानेंच करावयाचें आहे. एकत्र कुटुंबांत पाळण्यांतील मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सर्वजण एका छपराखालीं असतात. तरण्याला तीन दिवसांचा ताप आणणारा रोग त्याच घरांतील वृद्धाला नेऊं शकतो. म्हणून ज्यास ताप-खोकला आला, त्यानें खिडकी असलेल्या खोलींत चार-पांच दिवस वेगळें राहावें. त्याचें ताट तेथेंच जावें. शुश्रूषेस शक्यतों एकानेंच जावें, आणि तें माणूस वृद्ध वा गर्भिणी नसावें. दोघांनींही मुखपट्टी बांधावी. वेगळी खोली नसेल तेथें निदान अंथरूण खिडकीजवळ घालावें आणि आजी-आजोबांची बैठक दुसरीकडे हलवावी. रोग्याशीं दारांतून बोलावें, त्यास गोष्टी वाचून दाखवाव्या; देह दूर असला तरी त्यास एकटें पाडूं नये.

समाजांतही दोन रीती रूढ व्हाव्या असें आम्हांस मनापासून वाटतें. पहिली ही कीं, ‘मला खोकला आहे, म्हणून लग्नास येत नाहीं’ या निरोपाचा यजमानानें राग मानूं नये. आजवर अंगांत ताप असतांही मुहूर्तास हजर राहणें हें प्रेमाचें लक्षण समजलें गेलें. साथीच्या दिवसांत न येणें हेंच प्रेमाचें लक्षण समजावें. दुसरी रीत थोडी खर्चाची आहे. आपल्या घरीं भांडींधुणीं करावयास येणारी बाई तापानें फणफणली असतां कामावर येते, ती हौसेनें येत नाहीं; खाडा झाला तर पगार कापला जाईल म्हणून येते. तिला आजारपणाची पगारी रजा द्यावी. तिच्या एका खोलीच्या घरांत आपण भिंत घालूं शकत नाहीं, पण चार दिवसांची विश्रांति देऊं शकतों. त्यानें ती वांचेल, तिचीं मुलें वांचतील, आणि आपल्या घरची आजीही वांचेल.